स्वीडिश जडावाची हातांची खुर्ची : आधी कारागीर शोधा, मग पुसायला घ्या

जडावकाम, म्हणजे लाकडात निराळ्या लाकडाचे, हाडाचे किंवा धातूचे तुकडे बसवून केलेली नक्षी, असलेली जुनी स्वीडिश खुर्ची हाती आली की बहुतेक जण पहिल्या दिवशी ती ओल्या फडक्याने पुसतात, दुसऱ्या दिवशी तिला तेल चोळतात आणि तिसऱ्या दिवशी ती कोणी घडवली असेल याची चौकशी सुरू करतात. हा क्रम नेमका उलटा आहे. कारागिराचा माग दर्शनी बाजूला क्वचितच असतो. तो बैठकीच्या पट्टीच्या आतल्या अंगाला, पेन्सिलीच्या पुसट रेघेत, स्क्रूच्या टोकात आणि शतकभर कोणी हात न लावलेल्या मळात असतो, आणि पहिल्याच साफसफाईत तो कायमचा जातो. पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मधला एखादा राहिला तर पुढचा सुरू करू नये.

शब्दाचा एक गोंधळ सुरुवातीलाच मिटवावा. स्वीडिश भाषेत खुर्चीला ‘स्तूल’ म्हणतात, त्यामुळे लिलावाच्या यादीत हा शब्द वाचून आपल्याकडचे ‘स्टूल’ डोळ्यांसमोर आणू नये. उघड्या लाकडी हातांची खुर्ची म्हणजे ‘कार्मस्तूल’. शोध घेताना हाच शब्द टाकावा.

## तयारी

दोन मोकळे दिवस, उजेडाची खोली आणि जाड सतरंजी अंथरलेले टेबल लागेल. साहित्य साधे आहे: दहापट मोठे दाखवणारे भिंग, एक साधी विजेरी, ३६५ नॅनोमीटरची अतिनील विजेरी, मऊ केसांचा ब्रश, मोजपट्टी, पातळ कागद आणि मऊ पेन्सिल, कापूस गुंडाळलेल्या काड्या, बंद होणाऱ्या छोट्या प्लास्टिक पिशव्या, आणि व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीवर ताणून बसवण्यासाठी एक जुना नायलॉनचा मोजा. मोजा चैनीसाठी नाही. धूळ ओढताना जडावाचा सुटलेला तुकडा नळीत गेला तर तो शोधायला पिशवी फाडावी लागते. मोज्यावर तो अडकून राहतो.

पॉलिशपेपर, फवाऱ्याचे फर्निचर पॉलिश, जवसाचे तेल, रॉकेल आणि फेव्हिकॉल या पाच वस्तू त्या खोलीत आणूच नयेत. हाताशी असल्या की वापरल्या जातात.

## टप्पा १ : हात न लावता पाहणे

खुर्ची जशी आली तशीच चारही बाजूंनी, वरून आणि प्रत्येक सांध्याजवळून छायाचित्रे घ्यावीत. त्यानंतर खोलीतला दिवा बंद करून साधी विजेरी जवळजवळ पृष्ठभागाला टेकवून आडवी धरावी. समोरून सपाट वाटणारी पाठ या आडव्या प्रकाशात टेकड्या-दऱ्यांसारखी दिसते: कुठे व्हिनियर, म्हणजे वर चिकटवलेला लाकडाचा पातळ थर, फुगले आहे, कुठे जडावाची कड वर आली आहे, कुठे पूर्वी कोणी खरवडले आहे. फुगलेल्या जागा छायाचित्राच्या छापील प्रतीवर खुणेने नोंदवाव्यात, खुर्चीवर चिकटपट्टी लावून नव्हे. चिकटपट्टी काढताना जुने पॉलिश आणि कधी व्हिनियरची चिरफळीही सोबत निघते.

तपासा : बोटाच्या नखाने हलकेच टकटक करत जावे. पोकळ आवाज आला की तिथला सरस सुटला आहे असे समजावे.

## टप्पा २ : खुर्ची उलटी करणे

खुर्ची हातांना धरून उचलू नये. हातांचे सांधे बहुधा सर्वांत आधी सैल होतात, आणि दीडशे वर्षे टिकलेला सांधा उचलताना तुटल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. बैठकीच्या पट्ट्यांना खालून आधार देऊन दोघांनी उचलावी, बैठक सुटी असेल तर आधी काढून घ्यावी आणि मग खुर्ची सतरंजीवर पालथी ठेवावी.

आता ब्रशही न लावता वाचायला सुरुवात करावी. आतील लाकडाचा रंग सर्व पट्ट्यांवर सारखाच असेल असे नाही. हवा लागलेली बाजू गडद आणि झाकलेली बाजू फिकी असते. सगळीकडे एकसारखा तपकिरी रंग दिसला, सांध्याच्या फटीतही तोच दिसला, तर तो काळाने आलेला नसून कोणी तरी फासलेला आहे. रंध्याच्या आणि पटाशीच्या खुणा बोटाच्या टोकांना जाणवतात. हातरंध्याने किंचित खोलगट पट्टे उमटतात. यंत्राच्या रंध्याने समान अंतरावर बारीक आडव्या लाटा उमटतात.

स्क्रू नीट पाहावेत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत स्क्रूचे टोक बोथट असे आणि डोक्यावरची खाच बऱ्याचदा मध्यभागी नसे. अणकुचीदार टोकाचे यंत्रनिर्मित स्क्रू त्यानंतरचे, आणि अधिकच्या चिन्हाची खाच असलेले स्क्रू १९३० च्या दशकापासूनचे. मात्र एका स्क्रूवरून खुर्चीचे वय ठरवू नये, कारण दुरुस्ती करणारा सुतार स्क्रू बदलतो. जुन्या स्क्रूचे रिकामे भोक शेजारी दिसते का, ते पाहावे.

बैठकीच्या चौकटीवर किंवा पट्टीवर पटाशीने कोरलेले रोमन आकडे दिसण्याचा संभव असतो. ‘७’ किंवा ‘४’ अशा अर्थाचे हे आकडे पाहून लोक वर्षाचा, किमतीचा, अगदी राजाच्या क्रमांकाचाही अंदाज बांधतात. तो फक्त संचातला अनुक्रमांक असतो. एकाच संचातील खुर्च्या हाताने बनवलेल्या, त्यामुळे प्रत्येकीची सुटी बैठक तिच्याच चौकटीत नीट बसते. ती अदलाबदल होऊ नये म्हणून दोन्हींवर तोच आकडा कोरत. चौकटीवर एक आकडा आणि बैठकीवर दुसरा असेल तर बैठक दुसऱ्या खुर्चीची आहे, आणि खुर्ची कधी काळी मोठ्या संचात होती हेही कळते.

सावधान : याच टप्प्यावर आतली बाजू ‘जरा’ पुसण्याचा मोह होतो. सुरुवातीच्या काळात मी स्वतः एका बर्चच्या खुर्चीची आतली पट्टी ओल्या कापसाने पुसली. कापसावर करडा डाग उतरला तेव्हा उमगले की तो मळ नव्हता, पेन्सिलीने लिहिलेली ओळ होती. तिच्यातली शेवटची दोन अक्षरे तेवढी उरली, आणि दोन अक्षरांवरून आजतागायत काही निघालेले नाही.

## टप्पा ३ : शिक्के, आद्याक्षरे आणि पाट्या

सर्वांत जास्त चुका इथे होतात, म्हणून या टप्प्यासाठी अर्धा दिवस राखून ठेवावा.

स्टॉकहोममध्ये खुर्च्या घडवणाऱ्यांचा गिल्ड, म्हणजे व्यावसायिकांचा संघ, कपाटे-टेबले करणाऱ्या सुतारांच्या संघापेक्षा वेगळा होता. त्यातले उस्ताद आपली आद्याक्षरे किंवा नाव बैठकीच्या पट्टीच्या आत किंवा खाली ठोकत. १७९४ ते १८२० या काळात उस्ताद म्हणून काम केलेल्या एफ्राइम स्तोल यांच्या नावाचा शिक्का असलेल्या खुर्च्या आजही लिलावात येतात. स्वीडनमधील गिल्डपद्धत १८४६ मध्ये रद्द झाली. त्यामुळे त्यानंतरच्या शैलीच्या खुर्चीवर गिल्डच्या उस्तादाचा शिक्का दिसला, तर आनंदित होण्याआधी शंका घ्यावी.

गोथेनबर्गच्या दक्षिणेला लिंडोमे नावाचा परिसर आहे. तिथल्या शेतकरी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या खुर्च्या घडवल्या जात, आणि त्यांपैकी अनेकींवर दोन-तीन आद्याक्षरांचा ठसा असतो. ही आद्याक्षरे वाचताना स्वीडिश नावांची जुनी रीत ठाऊक असावी लागते. आडनावाच्या जागी वडिलांच्या नावापुढे ‘सोन’, म्हणजे मुलगा, किंवा ‘दोत्तेर’, म्हणजे मुलगी, असे लावत. म्हणून तिसरे अक्षर ‘एस’ असेल तर तो अमक्याचा मुलगा आणि ‘डी’ असेल तर अमक्याची मुलगी. पट्टीच्या आत ठोकलेला, ‘एस’ने संपणारा लहान ठसा कारागिराचा असण्याची शक्यता चांगली असते. दर्शनी बाजूला रंगवलेली किंवा जडावात बसवलेली आद्याक्षरे, विशेषतः ‘डी’ने संपणारी आणि सोबत वर्ष असलेली, बहुतेक वेळा मालकाची किंवा लग्नाची खूण असते. मालकिणीलाच कारागीर ठरवून केलेली नोंद मी एकाहून अधिक वेळा वाचली आहे.

विसाव्या शतकातील खुर्च्यांवर ठशाऐवजी कागदी चिठ्ठी किंवा धातूची पाटी असते. १९०२ मध्ये स्थापन झालेल्या नोर्डिस्का कोम्पानिएत या स्टॉकहोमच्या मोठ्या दुकानाची स्वतःची फर्निचर कार्यशाळा न्यशोपिंग येथे होती. तिथल्या वस्तूंवर छोटी धातूची पाटी आणि क्रमांक असतो. हा क्रमांक पूर्ण, मधल्या मोकळ्या जागांसह, जसाच्या तसा उतरवून घ्यावा.

ठसा उतरवण्यासाठी त्यावर पातळ कागद ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवावी. खडूची पूड किंवा पीठ ठशात भरून अक्षरे उठावदार करण्याची क्लृप्ती टाळावी. पूड तंतूंत अडकते आणि पुढच्या माणसाला ठशाचा खरा रंग कधीच दिसत नाही. तो रंगच तर महत्त्वाचा आहे. जुन्या ठशाच्या तळाशी आजूबाजूच्या लाकडाइतकाच मळ आणि तीच छटा असते. नंतर ठोकलेल्या ठशात दबलेले तंतू भिंगाखाली ताजे, फिकट आणि कडेला तुटलेले दिसतात.

तपासा : ठसा, त्याची पट्टी आणि ती पट्टी ज्या खुराला जोडली आहे तो खूर, तिन्ही एकाच वयाचे दिसतात का? जुन्या खुर्चीची ठसा असलेली पट्टी दुसऱ्या खुर्चीत बसवणे अवघड नाही.

## टप्पा ४ : लाकूड आणि जडाव वाचणे

स्वीडिश खुर्च्यांत बर्च सर्वत्र आढळते. बर्च म्हणजे आपल्याकडच्या भूर्जपत्राच्या झाडाचे भावंड. त्याचे लाकूड नवे असताना मलईसारखे आणि वर्षांनंतर मधासारखे होते. त्याची छिद्रे बारीक आणि सगळीकडे सारखी विखुरलेली असल्याने सागवानासारख्या ठसठशीत रेषा त्यात दिसत नाहीत, आणि निवडक फळ्यांत ज्वाळेसारखी लहर दिसते. ॲश किंवा एल्म असेल तर वर्षवलयांच्या ठळक छिद्रांची माळ नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

राजा चौदावा कार्ल योहान १८१८ ते १८४४ या काळात गादीवर होता, आणि त्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शैलीत फिकट बर्चवर काळ्या लाकडाच्या रेघा, तारे आणि पंखे बसवलेले दिसतात. काळा रंग पाहून त्याला लगेच आबनूस म्हणू नये. पुष्कळदा ते काळे रंगवलेले पेअर किंवा अन्य घट्ट लाकूड असते. कोपऱ्याची कड भिंगाखाली पाहावी. रंगवलेले असेल तर झिजलेल्या जागी आत तपकिरी लाकूड डोकावते.

माझ्या टेबलावर सध्या असलेल्या खुर्चीच्या पाठीवर असाच एक काळा पंखा आहे. सात पाकळ्या, प्रत्येक पाकळी एका कडेला तपकिरी होत गेलेली. ही छटा रंगाची नाही. तुकडा गरम वाळूत एका कडेने धरून भाजला की लाकूड करपते आणि सावलीचा भास होतो. पाचवी पाकळी मात्र शेजारणींपेक्षा सपाट दिसते, तिच्यात करपणे नाही, आणि अतिनील प्रकाशात तिची कड वेगळीच उजळते. ती बदललेली आहे. अशी एक पाकळी सापडली म्हणून खुर्ची खोटी ठरत नाही. उलट उरलेल्या सहांच्या बाबतीत विश्वास वाढतो.

व्हिनियरची जाडी कडेला किंवा तुटलेल्या जागी मोजावी. हाताने करवतलेले जुने व्हिनियर साधारण दीड-दोन मिलिमीटर किंवा अधिक जाड असते आणि त्याच्या जाडीत फरक असतो. यंत्राने कापलेले एक मिलिमीटरहून पातळ आणि एकसारखे असते. कार्ल योहान शैली विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा लोकप्रिय झाली आणि तेव्हाच्या खुर्च्यांची कारागिरीही उत्तम होती, त्यामुळे नुसत्या आकारावरून फसणे सोपे आहे. जाडी फसवत नाही.

पांढरा जडाव दिसला तर तो हाडाचा की हस्तिदंताचा हे ठरवणे भाग आहे. भिंगाखाली हाडात काळसर ठिपके किंवा बारीक रेघोट्या, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या नळ्या, दिसतात. हस्तिदंतात त्या नसतात, आणि आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. तापलेली सुई टोचून पाहण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नये.

## टप्पा ५ : नाव जुळवणे

आता, आणि आताच, नाव शोधायला बसावे. पहिला प्रश्न असा की आपण ‘कारागीर’ कोणाला म्हणतो. विसाव्या शतकातील स्वीडिश फर्निचरमध्ये आराखडा करणारा आणि घडवणारा हे बहुधा वेगळे असतात. कार्ल माल्मस्तेन (१८८८–१९७२) यांनी १९१६ मध्ये स्टॉकहोमच्या नगरभवनाच्या फर्निचरची स्पर्धा जिंकली आणि जडावाला नव्याने मान मिळवून दिला. पण त्यांच्या आराखड्यांवरून अनेक कार्यशाळांनी काम केले. वास्तुविशारद गुन्नार आस्प्लुंड यांनी १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनासाठी आखलेली ‘सेन्ना’ ही हातांची खुर्ची स्टॉकहोमच्या डाविड ब्लोमबेर्ग यांच्या कंपनीने घडवली. म्हणून नोंदीत ‘आराखडा’ आणि ‘घडण’ असे दोन रकाने ठेवावेत. एक रकाना रिकामा राहिला तरी चालेल. दोन्हींत एकच नाव कोंबणे ही चूक.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे मोठे नाव चिकटवणे. गेओर्ग हाउप्ट (१७४१–१७८४) हे स्वीडिश जडावकामातले सर्वांत गाजलेले नाव, त्यामुळे जडाव दिसला की त्यांचे नाव पुढे येते. हाउप्ट लेखनमेजे, कपाटे आणि खणांची पेटारी घडवणारे होते. खुर्च्या हा निराळ्या संघाचा व्यवसाय. शिवाय त्यांच्या काळातल्या, म्हणजे गुस्ताव्हियन शैलीच्या खुर्च्या बहुतांशी कोरीव आणि रंगवलेल्या किंवा सोनेरी मुलामा दिलेल्या असत. अठराव्या शतकातली, भरगच्च जडावाची, ‘हाउप्ट यांची खुर्ची’ कोणी दाखवली तर माझा पहिला अंदाज ती शंभर वर्षांनी धाकटी आहे असाच असतो.

तुलनेसाठी संग्रहालयांच्या वस्तू एकत्र दाखवणारे ‘डिजिटाल्ट म्युझियम’ हे संकेतस्थळ आणि बुकोव्हस्किस, स्टॉकहोल्म्स औक्शूनस्वेर्क यांसारख्या लिलावघरांच्या जुन्या विक्रीनोंदी उपयोगी पडतात. तिथले तीन-चार शब्द नीट समजून घ्यावेत. नुसते ‘गुस्ताव्हियान्स्क’ लिहिले असेल तर वस्तू त्या काळातली आहे असा दावा आहे. त्यापुढे ‘स्तील’ हा शब्द आला की ती नंतरच्या काळात त्या धर्तीवर केलेली. ‘तिल्स्क्रिवेन’ म्हणजे जाणकारांनी त्या कारागिराच्या नावे मानलेली, पण पुरावा नसलेली. ‘सान्नोलिक्त’ म्हणजे बहुधा. भाषांतराचे यंत्र हे फरक गुळगुळीत करून टाकते आणि शैलीतली नक्कल वाचकाला अस्सल वाटू लागते.

आद्याक्षरे आणि गाव दोन्ही हाती असतील तर स्वीडनच्या रिक्सआर्कीव्हेत या राष्ट्रीय अभिलेखागारातील चर्चची जनगणनापुस्तके पाहता येतात. त्यांच्या डिजिटल प्रती २०१८ पासून विनामूल्य आहेत आणि नावापुढे पुष्कळदा व्यवसायही लिहिलेला असतो. सुताराला तिथे ‘स्निकारे’ म्हणतात.

तपासा : किमान तीन स्वतंत्र गोष्टी, जसे ठसा, लाकूड आणि बांधणी, एकाच नावाकडे निर्देश करतात का? फक्त पाठीच्या नक्षीचे साम्य असेल तर नाव न लिहिता प्रदेश आणि काळ एवढेच लिहावे.

## टप्पा ६ : पॉलिश ओळखणे

कोणत्या पॉलिशवर काम करायचे आहे हे न कळता साफसफाई करणे म्हणजे औषधाचे नाव न वाचता गोळी घेणे. अंधारात अतिनील विजेरी मारली की लाखेचे पॉलिश नारिंगी झळाळते. त्यानंतर बैठकीखालच्या लपलेल्या जागी कापसाच्या काडीने पुढील क्रमाने चाचणी करावी: आधी टर्पेंटाइन, मग डिनेचर्ड स्पिरिट, शेवटी ॲसिटोन. टर्पेंटाइनने काडी पिवळसर-चिकट झाली तर वर मेण आहे. स्पिरिटने पृष्ठभाग चिकट झाला तर चपडा लाखेचे, म्हणजे फ्रेंच पॉलिश आहे. स्पिरिटला दाद न देता ॲसिटोनने विरघळले तर विसाव्या शतकातले सेल्युलोज लॅकर. तीव्र द्रावकाने सुरुवात केली तर सगळेच विरघळते आणि काहीच कळत नाही.

## टप्पा ७ : स्वच्छता

कोरडी धूळ मऊ ब्रशने मोजा लावलेल्या नळीकडे लोटावी. ब्रश लाकडाच्या रेषेच्या दिशेने आणि जडावाच्या कडेपासून दूर चालवावा. उलट चालवला की वर आलेली कड ब्रशच्या केसात अडकते.

चिकट मळासाठी काडी आपल्या लाळेने किंचित ओली करून फिरवावी. ऐकायला विचित्र वाटते, पण लाळेतील विकरे मळ मोकळा करतात आणि संग्रहालयांतले संवर्धकही ती वापरतात. काडी प्रत्येक वेळी नवी घ्यावी आणि मागोमाग ऊर्ध्वपातित पाण्याने जेमतेम ओलसर काडी फिरवून कोरडे करावे. तळहाताएवढी जागा झाली की थांबून पाहावे. मेणाचे काळे थर टर्पेंटाइनने उतरतात. स्पिरिट मात्र लाखेच्या पॉलिशवर सफाईसाठी कधीही वापरू नये. ते मळ काढत नाही, पॉलिशच काढते.

बर्चवरच्या काळ्या जडावाला पॉलिशपेपर लावणे हा या खुर्च्यांचा सर्वांत मोठा शत्रू आहे. काळी धूळ शेजारच्या फिकट लाकडाच्या छिद्रांत बसते आणि पंख्याभोवती करडे धुके कायमचे उरते. मऊ आणि कठीण लाकूड कमी-जास्त झिजते, त्यामुळे पृष्ठभाग ओबडधोबडही होतो. पितळी जडाव असेल तर पितळेचे बाजारी पॉलिश वापरू नये. त्याची पांढरी पूड फटींत बसून राहते.

सावधान : छोट्या भोकांतून ताजी, फिकट पूड पडत असेल तर खुर्चीखाली काळा कागद पसरून दोन आठवडे पाहावे. पूड पुन्हा पडली तर कीड जिवंत आहे. रॉकेल ओतल्याने बर्चवर डाग राहतो आणि सरसही नीट धरत नाही. खुर्ची प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांच्या शीतकोठीत दोन आठवडे ठेवणे हा स्वच्छ मार्ग आहे.

## टप्पा ८ : सुटलेला जडाव बसवणे

जुन्या खुर्च्या जनावरांच्या कातडी-हाडांच्या सरसाने जोडलेल्या असतात, आणि दुरुस्तीही सरसानेच करावी. कारण भावनिक नाही. सरस कोमट पाण्याने पुन्हा सुटतो, जुन्या सरसावर नवा धरतो, आणि पन्नास वर्षांनी दुसऱ्या कोणाला तो सांधा न मोडता उघडता येतो. फेव्हिकॉलचा थर एकदा लाकडात मुरला की त्यावर सरस धरत नाही आणि तो काढताना लाकूडही जाते.

सरसाचे दाणे एक भाग आणि थंड पाणी दीड ते दोन भाग, असे रात्रभर भिजवावेत. फुगलेला सरस गरम पाण्यात ठेवलेल्या भांड्यात पातळ करावा. तापमान ६० ते ६५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये, उकळला तर त्याची पकड जाते. सुटलेल्या कडेखाली बारीक सुईच्या सिरिंजने आधी कोमट पाण्याचा एखादा थेंब सोडून जुना सरस मऊ करावा, मग पातळ सरस सोडावा, बोटाने दाबून जादा बाहेर काढावा आणि ओलसर फडक्याने लगेच टिपावा. हाताशी वेळ मिनिट-दोन मिनिटांचाच असतो, म्हणून क्लॅम्प, मेणकागद आणि लाकडी ठोकळे आधीच, सरसाशिवाय, एकदा लावून पाहावेत. लोखंडी क्लॅम्प ओल्या लाकडाला थेट टेकू देऊ नये. काळा डाग पडतो. दाब जेमतेम ठेवून चोवीस तास हात लावू नये.

हरवलेल्या तुकड्यासाठी त्याच जातीचे लाकूड, त्याच दिशेच्या रेषा आणि किंचित जास्त जाडी घ्यावी. जागेचा आकार पातळ कागदावर घासून उतरवावा आणि तुकडा त्या जागेला बसेल असा कापावा. जागा तुकड्याला बसेल अशी कोरू नये, कारण मूळ लाकडाचा कण परत मिळत नाही. बसल्यावर वर आलेला भाग धारदार पटाशीने फक्त नव्या तुकड्यावरूनच उतरवावा, आणि तुकड्याच्या मागे बसवण्यापूर्वी वर्ष लिहावे.

## टप्पा ९ : पॉलिश, बैठक आणि जागा

लाखेचे पॉलिश जिथे झिजले आहे तिथेच, एक लिटर स्पिरिटमध्ये सुमारे शंभर ग्रॅम चपडा लाख या प्रमाणातले पातळ पॉलिश कापसाच्या पुरचुंडीने द्यावे. सर्व खुर्ची नव्याने चमकवू नये. बैठकीत घोड्याचे केस किंवा तागासारखे तंतू असतील तर ते फेकू नयेत. जुन्या कापडाचा तुकडा आणि खिळ्यांच्या भोकांचे छायाचित्र नोंदीसोबत ठेवावे.

खुर्ची रेडिएटर, एसी आणि थेट ऊन यांपासून दूर ठेवावी. स्वीडनमधील हिवाळ्यात तापवलेल्या घरांतली आर्द्रता २०–३० टक्क्यांपर्यंत उतरते, तर मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात ती ८० टक्क्यांच्या वर जाते. स्वीडनहून भारतात परतताना खुर्ची सोबत आणणाऱ्यांनी ती जूनमध्ये आणू नये. हिवाळ्यात आणून, गुंडाळलेलीच काही आठवडे ठेवून, सावकाश उघडावी. शंभर वर्षांहून जुन्या आणि ठरावीक किमतीपेक्षा महाग स्वीडिश फर्निचरला देशाबाहेर नेण्याचा परवाना लागतो, आणि हस्तिदंत किंवा ब्राझिलियन शिसव असेल तर दोन्ही देशांच्या वन्यजीव-व्यापाराच्या नियमांची कागदपत्रेही लागतात. टप्पा चारमधला हाडाचा की हस्तिदंताचा हा प्रश्न तिकीट काढण्यापूर्वी सुटलेला असावा.

छायाचित्रे, ठशाचा कागद, मोजमापे, कोणता सरस आणि कोणते पॉलिश कुठे वापरले याची नोंद एका लिफाफ्यात घालावी आणि तो लिफाफा सुट्या बैठकीच्या खालच्या बाजूला सुती नाडीने बांधून ठेवावा, चिकटवू नये.